तक्त्यावर ६/६, आकाशात काटे : लेझरनंतरची नजर स्वतः कशी पारखायची

चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझर ऑपरेशननंतरच्या अठराव्या रात्री मी गच्चीत गेले आणि मान वर करून व्याधाचा तारा पाहिला. चष्म्यातून वीस वर्षं तो मला निळसर-पांढरा, लुकलुकणारा ठिपका दिसत आला होता. त्या रात्री त्याला काटे फुटले होते. आठ-दहा बारीक किरण, त्यातला खाली उजवीकडे जाणारा बाकीच्यांपेक्षा लांब, आणि सगळ्याभोवती चंद्राला पडतं तसं फिकट खळं. डोळे चोळायला हात उचलला, आणि महिनाभर चोळायचे नाहीत हे ऐनवेळी आठवलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. तक्ता वाचला, अगदी खालच्या ओळींपर्यंत. तपासणाऱ्या मुलीनं "सिक्स बाय सिक्स, एकदम मस्त" म्हणत कागदावर खूण केली. मी काट्यांबद्दल बोलायला गेले, पण तोंडातून निघालं एवढंच, की "रात्री जरा विचित्र दिसतं." "होईल हळूहळू कमी," असं उत्तर आलं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. तिनं पुढे विचारलं नाही, हे खरं. पण मलाही धड सांगता आलं नव्हतं.

घरी येताना वाटलं, अगं, तुला तर हे सांगता यायला हवं होतं. दुर्बिणीतून तारा ठिपक्यासारखा दिसला नाही तर आम्ही तारे बघणारी मंडळी ताऱ्याला दोष देत नाही. हवा हलतेय का, आरसा सरकलाय का, आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, दव धरलंय का, असं एकेक तपासत जातो. प्रत्येक दोष ताऱ्याचा आकार आपापल्या तऱ्हेनं बिघडवतो आणि सरावानं आकारावरून दोष ओळखू येतो. डोळा हेही तसलंच यंत्र. मग पुढचे सहा महिने मी स्वतःच्या दोन डोळ्यांवर हाच उद्योग केला. ती पद्धत इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर "जरा विचित्र" याच्या पुढचं काही सांगता यावं, इतकाच या पद्धतीचा उपयोग.

तक्ता नेमकं काय मोजतो

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता १८६२ सालचा, हर्मन स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञाचा. ६ मीटरवरून साधारण ८.७ मिलिमीटर उंचीचं अक्षर ओळखता आलं की ६/६. अक्षर कुट्ट काळं, पाटी पांढरीशुभ्र, खोलीत बऱ्यापैकी उजेड. उजेडात डोळ्याची बाहुली आकसते, तीनचार मिलिमीटरची होते. म्हणजे हा तक्ता कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या) फक्त मधल्या भागाची परीक्षा घेतो, तीही सगळ्यात सोप्या पेपरावर.

अंधारात बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि कॉर्नियाचा कडेचा भागही कामाला लागतो. खरी गोम तिथे आहे. नैसर्गिक कॉर्निया मध्यभागी जास्त तीव्र वळणाचा असतो आणि कडेकडे सपाट होत जातो. मायनस नंबर घालवायचा तर लेझरला मध्यभाग सपाट करावा लागतो, त्यामुळे हा उतार उलटा होतो. मधून येणारे किरण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बरोबर मिळतात, कडेनं येणारे थोडे अलीकडेच मिळतात आणि पडद्यावर पोचेपर्यंत पुन्हा पसरतात. याला स्फेरिकल एबरेशन म्हणतात, आणि दिव्याभोवतीचं खळं बरंचसं त्याचंच. दिवसा बाहुलीच कडेचे किरण अडवते म्हणून काही जाणवत नाही. बाहुली दुप्पट झाली, समजा ३ ची ६ मिलिमीटर, तर ढोबळ हिशेबानं हा दोष सोळा पट होतो. दोन पट नव्हे, सोळा. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. दिवसा लख्ख आणि रात्री काटेरी, या दोन गोष्टी एकाच डोळ्यात सुखानं नांदू शकतात तर.

दुसरी गोष्ट कॉन्ट्रास्टची. पेली-रॉबसन नावाचा १९८८ सालचा एक तक्ता आहे. त्यात सगळी अक्षरं एकाच मोठ्या आकाराची असतात, पण तीन-तीनच्या गटानं फिकी होत जातात. शेवटी पांढऱ्यावर पांढरंच उरतं. कातरवेळी पायरीची कड, धुक्यात राखाडी कपड्यातला माणूस, पावसात रस्त्यावरचे पट्टे दिसणं न दिसणं या तक्त्याशी जास्त जुळतं. तो सगळीकडे नसतो, पण मागून बघायला काय जातं? मी मागितला तेव्हा आतल्या खोलीतून धूळ झटकून आणला गेला.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर

सगळ्यात मोठी चूक मी इथे केली, म्हणून आधी तीच. ऑपरेशनपूर्वी रात्री मला कसं दिसत होतं याची एकही नोंद माझ्याकडे नव्हती. जाड काचांच्या चष्म्यातूनही दिव्यांना थोडे काटे दिसतातच, आपलं लक्ष नसतं एवढंच. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) नॅशनल आय इन्स्टिट्यूट आणि संरक्षण खात्याबरोबर लॅसिकच्या, म्हणजे कॉर्नियाचा वरचा पातळ थर (फ्लॅप) झाकणासारखा उचलून खाली लेझर मारायच्या ऑपरेशनच्या, पेशंटांना प्रश्नावली देऊन दोन अभ्यास केले. त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, एकूण ५७४ माणसं होती. आधी कसलीच तक्रार नसलेल्यांपैकी एका अभ्यासात ४३ टक्के आणि दुसऱ्यात ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनी खळं, काटे, चकाकी किंवा दुहेरी दिसणं यातलं किमान एक काहीतरी नवं सांगितलं. त्याच वेळी, या लक्षणांमुळे रोजच्या कामात फार अडचण येते म्हणणारे एक टक्क्याहूनही कमी होते, आणि समाधानी असणारे ९५ टक्क्यांच्या वर. हे आकडे मी ऑपरेशनपूर्वी वाचले असते तरी ऑपरेशन केलंच असतं. फक्त अठराव्या रात्री धसका घेतला नसता.

तेव्हा आधीच एक काळोखी रात्र निवडा. चष्मा स्वच्छ पुसा, दूरचा एकटा दिवा किंवा ठळक तारा पाहा, आणि एकेका डोळ्यानं जसं दिसतं तसं कागदावर काढा. खाली तारीख टाका. चित्रकला यावी लागत नाही, माझी चित्रं मेलेल्या कोळ्यांसारखी दिसतात.

मोजमापांच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायला सांगतात, मऊ असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर त्याहून जास्त. इथे लबाडी करू नका. लेन्सनं दबलेला कॉर्निया मोजला तर दबलेल्या आकारावरून लेझर चालेल.

आणि तीन आकडे लिहून घ्या: अंधारातली बाहुली किती, लेझर किती रुंदीच्या भागावर पूर्ण नंबर काढणार, आणि कॉर्नियाची जाडी किती. हे तिन्ही एकमेकांत अडकलेले आहेत. मनरलिन यांच्या सूत्रानुसार, भागाच्या रुंदीचा वर्ग गुणिले नंबर भागिले तीन, म्हणजे साधारण तेवढे मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) कॉर्निया उडतो. माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर मायनस ५.२५. भाग ६ मिलिमीटरचा धरला तर ६३ मायक्रॉन, ६.५ चा धरला तर ७४, आणि ७ चा धरला तर ८६. माझा कॉर्निया ५३८ मायक्रॉन. फ्लॅपचे ११० गेले, लेझरचे ७४ गेले, खाली उरले ३५४. उरलेला थर किमान २५० मायक्रॉन हवा असं मानतात, आणि बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला राजी नसतात. रुंद भाग घेतला तर रात्रीची नजर चांगली राहायची शक्यता वाढते, पण कॉर्निया जास्त खर्ची पडतो. माझी अंधारातली बाहुली ७.१ मिलिमीटर भरली होती आणि भाग होता ६.५. बाहुलीच्या आकारावरून पुढे काय होईल ते नक्की सांगता येत नाही, मोठ्या बाहुलीची कितीतरी माणसं मजेत असतात. पण हा प्रश्न मी आधी विचारला असता, तर उत्तर ऐकताना सर्जनचा चेहरा पाहता आला असता.

जाता जाता, हा लेझर १९३ नॅनोमीटरचा, अतिनील. तो हाडामांसाचा थर भोवतालचा भाग न भाजता उडवतो हे १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन यांनी पाहिलं, तेही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर. माझ्या डोळ्याची वंशावळ अशी उष्ट्या हाडापर्यंत जाते.

दिसतंय त्याला नाव द्या

दवाखान्यात "ग्लेअर" या एका शब्दात सगळं कोंबलं जातं. त्यानं काहीच कळत नाही. मी हे वेगळे करायला शिकले.

खळं म्हणजे दिव्याभोवती गोल, मऊ उजेड. काटे म्हणजे दिव्यातून बाहेर फुटणारे रेषेसारखे किरण. शेपटी म्हणजे एकाच बाजूला ओघळलेला उजेड, धूमकेतूसारखा. या दोषाचं शास्त्रीय नाव कोमा, आणि तो शब्द खरोखरच धूमकेतूवरून आलेला आहे. लेझरचा मध्य आणि बाहुलीचा मध्य एकमेकांपासून सरकले की तो वाढतो. सावली म्हणजे अक्षराच्या खांद्यावर बसलेलं दुसरं फिकट अक्षर, तेही एक डोळा मिटल्यावर. दोन्ही डोळे उघडे असतानाच दोन दिसत असेल आणि एक मिटल्यावर जात असेल, तर तो वेगळाच मामला. डॉक्टरांना तसंच सांगा. चकाकी म्हणजे समोरून प्रकाश आला की अख्खं दृश्य दुधाळ होऊन जाणं.

एक दुर्मीळ प्रकार इंद्रधनुष्याचा. फेम्टोसेकंद लेझरनं फ्लॅप कापलेला असेल तर त्याच्या ठिपक्यांची नियमित जाळी कधीकधी फ्लॅपच्या मागच्या बाजूवर राहते, आणि पांढऱ्या दिव्याच्या दोन्ही बाजूंना रंगांचे पट्टे दिसतात. मला पहिला महिनाभर ते दिसत होते. खरं सांगायचं तर मला आवडले होते.

घरच्या घरी चाचण्या

आधी एक दिवा ठरवा. दूर, एकटा, रोज तोच. मी टेकडीवरच्या टॉवरचा दिवा घेतला, कारण तारे ऋतूप्रमाणे सरकतात आणि ढग कुणाचं ऐकत नाहीत. प्रत्येक चाचणी एकेका डोळ्यानं करायची. दुसरा डोळा तळहातानं झाका, दाबू नका. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो आणि नोंदीला काही अर्थ उरत नाही.

पहिल्यांदा मान तिरकी करा. काटे मानेबरोबर फिरले तर ते तुमच्या डोळ्यात आहेत. जागच्या जागी राहिले तर खिडकीच्या किंवा गाडीच्या काचेवर. हसू नका, माझ्या तक्रारीतला एक लांब उभा पट्टा वायपरनं काचेवर ओढलेला निघाला.

मग पापणी. एकदा नीट मिटून उघडा आणि न मिटता दिव्याकडे बघत मनात आकडे मोजा. उघडताच स्वच्छ आणि चार-पाच सेकंदांत पुन्हा पसरट, असं होत असेल तर अपराधी अश्रूंचा थर आहे. प्रकाश डोळ्यात शिरताना पहिल्यांदा वळतो तो या थरावर, त्यामुळे तो फाटला की खालचा कॉर्निया कितीही सुबक असून उपयोग नाही. दहा सेकंदांच्या आत थर तुटणं हे कोरडेपणाचं लक्षण धरतात. शहानिशा म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला, दोन मिनिटं थांबा, पुन्हा पाहा. माझ्या डाव्या डोळ्याचं खळं थेंबांनंतर चारेक मिनिटं निम्म्यानं कमी व्हायचं आणि मग परत यायचं. ऑपरेशनमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळ्याला स्वतःचा कोरडेपणा नीट कळत नाही. म्हणून "डोळे तर कोरडे वाटत नाहीत" याला पुरावा मानू नका. मी मानला आणि दोन महिने थेंबांत टंगळमंगळ केली. नसा वाढायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. तोवर थेंब वेळेवर, तक्रार असो वा नसो.

तिसरी चाचणी भोकाची. जाड काळ्या पुठ्ठ्याला साधारण एक मिलिमीटरचं स्वच्छ भोक पाडा आणि त्यातून तोच दिवा बघा. काटे आणि खळं विरघळून दिवा टिंबासारखा झाला तर दोष प्रकाश वळवण्यातला आहे, म्हणजे उरलेला नंबर किंवा एबरेशन. भोकातूनही फरक पडला नाही तर गोष्ट दुसरीकडे असू शकते, आणि ती डॉक्टरांच्या अखत्यारीतली. दुर्बीणवाल्यांसाठी याचीच ऐटदार आवृत्ती आहे. दुर्बिणीचा व्यास भागिले मोठेपण, तेवढ्या रुंदीचा झोत डोळ्यात जातो. ७ बाय ५० च्या (७ पट मोठेपण, ५० मिलिमीटर व्यास) द्विनेत्रीतून तो सात मिलिमीटरचा येतो, माझी सगळी बाहुली भरून टाकतो, आणि तारे काटेरी दिसतात. १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १५० पट मोठेपण लावलं की झोत एक मिलिमीटरचा होतो. त्या रात्री शनीची कडी अशी कातरून काढल्यासारखी दिसली की मी आयपीसवरून डोळा हलवेना. डोळा तोच, वेळ तीच. फक्त मधला एक मिलिमीटर वापरला.

चौथी चाचणी माझी लाडकी आहे. दोन्ही बाहुल्या जोडीनं आकसतात, एका डोळ्यावर उजेड पडला तरी. डावा तपासायचा असेल तर उजव्यासमोर फोनचा पांढरा, पूर्ण उजळ पडदा धरा. मधे नाकाजवळ हाताची आडभिंत करा, म्हणजे उजेड डाव्यात सांडणार नाही. आता डाव्यानं दूरचा दिवा बघा. खळं आकसलं, तर तुमची तक्रार बाहुलीच्या आकाराशी बांधलेली आहे. डॉक्टरांना हे वाक्य अगदी असंच सांगा. ते ऐकून माझ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं.

शेवटची चाचणी घरी होत नाही. भोकाच्या चाचणीत उरलेला नंबर आणि एबरेशन वेगळे पडत नाहीत, ते पडतात तपासणीच्या फ्रेममध्ये काच घातल्यावर. अर्ध्या नंबरानं दिवसा काही बिघडत नाही, तक्ता तर सहज वाचता येतो, पण रात्री मोठ्या बाहुलीतून तोच अर्धा नंबर चांगला पसरतो. मी हट्ट केला की फ्रेम लावून मला अंधाऱ्या जिन्याच्या टोकाला जाऊ द्या, तिथून रस्त्यावरचे दिवे दिसतात. डाव्या डोळ्याला मायनस ०.५० ची काच लावली आणि काटे निम्मे गळून पडले. उजव्याला कुठलीही काच लावा, शेपटी तशीच. म्हणजे डाव्याचा प्रश्न उरलेल्या नंबराचा होता आणि उजव्याचा कोमाचा. पुढे टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाच्या वळणांच्या, रंगीत नकाशातही तेच निघालं: उजव्यात लेझरचा मध्य थोडा सरकलेला.

वही

रोज बघू नका, वेड लागेल. पंधरवड्यातून एकदा, त्याच दिव्यावर, प्रत्येक डोळ्याचं एक चित्र. सोबत चार शब्द: थेंब घातले होते का, किती वेळ स्क्रीनसमोर होते, झोप झाली होती का. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे कामाचा दिवस आणि सुटीचा दिवस यांची चित्रं वेगळी येतात. ही गोष्ट वहीनंच मला दाखवली.

शेजारणीच्या डोळ्यांशी तुलना करू नका, तिचं ऑपरेशन वेगळ्या प्रकारचं असू शकतं. पीआरकेमध्ये कॉर्नियाची वरची त्वचा काढतात, ती भरून यायला काही दिवस लागतात आणि नजर बसायला आठवडे, कधी महिने जातात. लॅसिकला दुसऱ्याच दिवशी बरंच स्वच्छ दिसतं. स्माइलमध्ये छोट्या चिरेतून आतली चकती काढतात, तिथे पहिले काही दिवस लॅसिकपेक्षा किंचित धूसर जाऊ शकतात. तिघांचा दहावा दिवस एकसारखा नसतो.

माझ्या वहीतलं थोडक्यात: तिसऱ्या आठवड्यात खळं, काटे, शेपटी, रंगांचे पट्टे, असं सगळं घराणं हजर. दुसऱ्या महिन्यात पट्टे गेले. चौथ्यात थेंब शिस्तीनं घातल्यावर खळं निम्मं. सहाव्या महिन्यात अभिजित डोक्यावर आला तेव्हा मी त्याच्या शेजारची, स्वरमंडल तारकासमूहातली जोडी पाहिली. दोन तारे, अंतर साडेतीन कलांच्या आसपास (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), चांगल्या नजरेला जेमतेम फुटणारे, म्हणजे वेगवेगळे दिसणारे. वसिष्ठ-अरुंधतीमधलं अंतर याच्या तिपटीहून जास्त आहे, ती जोडी काटे असतानाही दिसत होती; तिच्यावर समाधान मानू नका. स्वरमंडलातली जोडी डाव्या डोळ्यानं, अर्ध्या नंबराचा चष्मा लावून, फुटली. उजव्यानं नाही. अजूनही नाही.

काही गोष्टी मेंदूही सावरून घेतो. उजव्याची शेपटी चित्रात पहिल्या महिन्याइतकीच लांब आहे, पण रस्त्यावर चालताना ती मला दिसते असं आता म्हणवत नाही. मुद्दाम शोधली की सापडते.

डॉक्टरांकडे काय मागायचं

वहीतली दोन चित्रं, जुनं आणि नवं, टेबलावर ठेवा. मग प्रत्येक डोळ्याचा आजचा नंबर, टोपोग्राफी, आणि सोय असेल तर वेव्हफ्रंट तपासणी, म्हणजे अख्ख्या डोळ्याच्या एबरेशनचं मोजमाप. वेव्हफ्रंट कुठल्या बाहुलीच्या आकाराला काढलंय ते विचारा. ४ मिलिमीटरचं काढून "सगळं छान" म्हटलं तर त्याचा तुमच्या रात्रीशी काही संबंध नाही.

पुन्हा लेझर मारून दुरुस्ती करता येते. पण त्याआधी नंबर आणि कोरडेपणा दोन्ही स्थिर व्हायला हवेत, यात तीनचार महिने तरी जातात. कोरड्या डोळ्याची मोजमापंच डळमळतात, त्यांवर लेझर चालवणं म्हणजे हलत्या जमिनीवर भिंत बांधणं. माझा कॉर्निया पुरेसा जाड होता, उजव्याची टोपोग्राफीवर आधारित दुरुस्ती होऊ शकली असती. मी नाही केली. दिवसा काही तक्रार नाही आणि रात्री दुर्बीण ती शेपटी आपोआप कापते, त्यासाठी आणखी मायक्रॉन द्यायला मन होईना. गाडी रात्रीची चालवणारी असते तर कदाचित वेगळं ठरवलं असतं.

काही डॉक्टर रात्रीपुरते ब्रिमोनिडिनचे थेंब देतात. मुळात काचबिंदूचं औषध, पण अंधारात बाहुलीला फार उघडू देत नाही. पिलोकार्पिन बाहुली आणखी आकसवतं, पण डोकं दुखू शकतं, आणि मायनस नंबरवाल्यांचा पडदा आधीच ताणलेला असल्यानं ते देण्याआधी पडदा तपासायला हवा. दोन्ही औषधं स्वतःच्या मनानं आणायची नाहीत.

तोवर रोजचं

रात्रीची गाडी पहिले काही आठवडे दुसऱ्याच्या हाती द्या. काच आतूनही पुसा. उरलेला नंबर असेल तर रात्रीसाठी अर्ध्या नंबराचा चष्मा करून घ्या. "चष्मा घालवायला ऑपरेशन केलं आणि परत चष्मा?" असं घरचे म्हणतील, म्हणू द्या. पिवळ्या काचांचे रात्रीचे चष्मे घेऊ नका. आधीच कमी असलेला उजेड ते आणखी कमी करतात. फोनचा डार्क मोड बंद करा. काळ्या पार्श्वभूमीवर बाहुली मोठी होते आणि पांढऱ्या अक्षरांना मिशा फुटतात. उजळ पानावरची काळी अक्षरं जास्त स्वच्छ दिसतील. संध्याकाळी घरात मिणमिणता दिवा लावून बसू नका, एक दिवा जास्त लावा.

आणि हे थांबून बघण्यातलं नाही: डोळा दुखून लाल होणं, नजर एकाएकी उतरणं, फ्लॅपला मार लागणं. अशा वेळी वही, चित्रं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक खूप काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट किंवा कडेनं पडदा सरकल्यासारखं दिसलं तरीही तेच. लेझरनं फक्त पुढची काच घडवली. मायनस नंबराचा लांबट डोळा आणि त्याचा ताणलेला पडदा आहे तसाच आहे. वर्षाकाठी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा क्रम मोडू नका.

पुढच्या वीस वर्षांसाठी

मी आता एकेचाळीस वर्षांची आहे आणि चाळिशी नावाप्रमाणे वेळेवर आली. पूर्वी चष्मा काढला की १९ सेंटिमीटरवर माझ्याकडे फुकटचं भिंग होतं. सुईत दोरा ओवायला घरातली सगळी मला बोलवायची. ते भिंग लेझरबरोबर गेलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर असाल तर हा हिशेब आधीच करा, मला कुणी करून दिला नव्हता.

डोळ्याचा दाब मोजताना कॉर्निया पातळ झालेला आहे हे प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगा. पातळ कॉर्नियावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वळणावरून काढतात, आणि लेझर झालेल्या कॉर्नियावर नेहमीची मोजणी चुकते. ऑपरेशनपूर्वीचा नंबर आणि वळणाची मोजमापं हाताशी असली तर ती चूक सुधारायला मदत होते. म्हणून तुमचे कागद दवाखान्याच्या भरवशावर सोडू नका. आधीचा नंबर, टोपोग्राफी, जाडी, लेझरचा भाग किती मिलिमीटरचा, किती मायक्रॉन काढले, सगळ्याच्या प्रती मागून घ्या. माझ्या त्या घराच्या कागदपत्रांच्या पेटीत आहेत, वर लाल पेननं "डोळे: मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांना द्या" असं लिहिलेलं पाकीट. एक प्रत बहिणीकडे आहे, कारण तोवर पेटी कुठे ठेवली ते मला आठवेलच असं नाही.